मधली जागा

"आधी तिला काढा," कस्तुराबाई म्हणाल्या आणि बाभळीखाली टाकलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या.

ती म्हणजे दगडाबाई. त्यांची थोरली सवत. जाऊन चाळीसएक वर्षं झाली असतील.

पिंगळीच्या शिवारातला रस्ता रुंद होणार होता आणि बांधालगतच्या दोन समाध्या त्यात जात होत्या. घर लिंगायताचं, माणूस गेलं की जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात. डावीकडं दगडाबाई, उजवीकडं योगीराज आप्पा, कस्तुराबाईंचे मालक. मध्ये एका माणसापुरती जागा रिकामी. आप्पा गेले तेव्हा ती जागा कस्तुराबाईंनी भावकीशी भांडून स्वतःसाठी राखली होती.

जेसीबीच्या तोंडी आप्पांना द्यायला मुलाचं, नागेशचं, मन होईना. म्हणून त्यानं परभणीहून राजेश्रीला बोलावलं होतं. ती कॉलेजात पुरातत्त्व शिकवायची. जुनी हाडं न मोडता काढणं तिला जमायचं. समाजाच्या स्मशानभूमीत नागेशनं दोन माणसांची पक्की जागा बांधून घेतली होती. एक आप्पांची, दुसरी पुढंमागं मायची. तिसरी मिळत नव्हती. दगडाबाईंच्या अस्थी गंगाखेडला गोदावरीत सोडायच्या, असं त्यानं ठरवलं. मायला सांगितलं, तर ती "बघू" म्हणाली. लुगडं घेतानाही ती "बघू"च म्हणायची.

राजेश्री खड्ड्यात बसून ब्रशनं माती झटकत होती.

"पोरी, बाई का बाप्या, हाडावरून कळतंय का?"

"कळतं आजी. कमरेच्या हाडावरून."

"मंग हिची आन् त्यांची एका जागी करू नको."

"नाही करणार."

"बारकं हाडूक बी न्हाई."

नागेश हसला. "माय, मेल्यावर तरी सवतीला नांदू दे की."

"तू गप. पाळण्यात व्हतास तवा."

राजेश्रीलाही हसू आलं. ग्रीसमधल्या जुन्या स्मशानांत अशाच घराघराच्या राखीव जागा सापडतात. कोण कुणाशेजारी पुरलंय, त्यावरून कोण कुणाचं हे ठरवायचं, असं ती मुलांना शिकवायची. इथं ठरवायची गरज नव्हती. सांगायला बाई समोर बसली होती.

"कशा होत्या हो थोरल्या?"

"लय हट्टी. मी नांदायला आले तर वरीसभर मला चुलीपाशी येऊ दिलं न्हाई. ह्यांचं ताट तीच वाढणार. पाणी तीच देणार. ह्ये घरी आले की मला म्हनायची, तू गोठ्यात जा."

"जळत असंल," नागेश म्हणाला.

"गाव बी तेच म्हनायचं."

कस्तुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि खुर्ची थोडी पुढं ओढून घेतली.

डावा हात मोकळा झाला. पुरताना तळहातावर ठेवलेलं शिवलिंग हाडांत तसंच होतं. राजेश्री मात्र त्याच हाताच्या जरा वरच्या भागाकडं बघत होती. कोपर आणि मनगटाच्या मधोमध हाड कधीतरी मोडलेलं, आणि वाकडंच जुळलेलं.

"ह्या पडल्या होत्या का कधी?"

"व्हय. मी आले त्याच साली. विहिरीच्या पायऱ्यावर पडली." कस्तुराबाई थांबल्या. "असं सांगितलं व्हतं सगळ्याला."

पडलं की बहुधा मनगट मोडतं. हाड मधोमध मोडतं ते मार अडवायला हात आडवा धरला की.  राजेश्रीनं ते हाड दोन्ही हातांनी उचललं.

दुपारपर्यंत दगडाबाई एका पांढऱ्या कापडात मावल्या. कस्तुराबाईंनी गाठ स्वतः मारली आणि गाठोडं मांडीवर घेतलं. रस्त्याच्या कडेला जेसीबीवाला चहा पिऊन केव्हाचा तयार होता.

"दे माय, गाडीत ठिवतो," नागेश म्हणाला. "उद्या गंगाखेडला जाऊन येतो. मॅडम, आता आप्पांना काढू." त्यानं फावडं उचललं.

"ठिव ते खाली."

"काय झालं?"

"नव्या जागेत हिला बसवा. हिच्या शेजारी मी येईन. दोनच हायत न्हवं जागा?"

नागेशच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. "आन् आप्पा?"

कस्तुराबाई गाठोडं छातीशी धरून उठल्या, बांधापर्यंत चालत गेल्या आणि जेसीबीवाल्याला हात केला.

"चालव रं बाबा. आमची माणसं निघाली."