नालेतला खडा

अमेरिकेतल्या डाकोटाच्या चिखलातून घोडदळ आठ दिवस उपाशी चाललं होतं. मागे पडेल त्या घोड्याला गोळी घालायचा हुकूम नालबंद ग्रुबरला होता. एरवी खूर दाखवायला त्याच्यापुढे रांग लागायची. आता तो दिसला की स्वार लंगडं जनावर झाकून उभे राहत. सकाळी डोनेलीचा घोडा लंगडला. “पाय बघू दे रे.” “लांब हो, खाटका! ठणठणीत आहे तो.” दुपारी घोडा बसला तो उठलाच नाही. ग्रुबरनं खूर उचलला. नालेच्या आत नखाएवढा खडा रुतला होता. सकाळीच काढला असता तर घोडा चालला असता. आता पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. डोनेलीनं घोड्याच्या मानेत तोंड खुपसलं. “काय झालंय रे?” ग्रुबरनं खडा मुठीत दाबला. “वय झालंय.” गोळी वाजली. डोनेली त्याच्या पायाशी थुंकून चालता झाला. ग्रुबरची मूठ मिटलेलीच राहिली.