घरातली गाणी

गाडी हायवेला लागल्यावर नंदाने कॅसेट आत ढकलली आणि आरशातून मागच्या सीटकडे पाहिलं. मिसेस मोरी खिडकीबाहेर बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं.

त्या जपानी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांना डायलिसिसला न्यायचं काम शॉमबर्ग गावातल्या सीनियर सेंटरने मंगळवार-गुरुवार नंदाकडे दिलं होतं. गेल्या गुरुवारी उतरताना त्या म्हणाल्या होत्या की आता पुरे झालं, मी येणार नाही. मग डेन्व्हरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. तिने रडत विनवलं, काहीतरी करा, निदान रस्त्यात तरी आईला बरं वाटू दे. म्हणून नंदा शनिवारी जपानी किराणा दुकानात गेली. कॅसेटींवरचं एकही अक्षर वाचता येईना. दुकानदाराने विचारलं, जुनी गाणी म्हणजे कुठली, शाळेत म्हणतात ती की घरात म्हणतात ती? नंदाने थोडा विचार केला आणि घरातली मागितली. त्यानंतर मिसेस मोरींना फोन करून, फक्त या मंगळवारी या, असं सांगून राजी केलं.

पुढच्या सीटवर नंदाच्या सासूबाई होत्या. मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. घरात एकटीला करमत नाही म्हणून आज सोबत निघाल्या होत्या. मागे बसलेल्या बाईंचं आडनाव मोरी आहे हे कळल्यापासून त्यांनी मागे वळायचं टाळलं होतं. वळलं तर हसू येईल अशी त्यांना भीती होती.

गाणं सुरू झालं. एका बाईचा संथ, एकसुरी आवाज. दुसरी ओळ सुरू होते न होते तोच मिसेस मोरी म्हणाल्या, "हे माझी सासू म्हणायची."

नंदाला बरं वाटलं. तिने विचारलं, आवडायचं का तुम्हाला?

"तांदूळ मी धुवायची. बर्फासारख्या पाण्यात. गाणं ती म्हणायची."

नंदाने घाईघाईने टेप बंद करायला हात पुढे केला.

"वाजू दे," मिसेस मोरी म्हणाल्या. "ऐकू दे सासूला, मी काय बोलते ते."

आणि त्या बोलायला लागल्या. तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून गुड मॉर्निंग आणि थँक यू यापलीकडे नंदाने काही ऐकलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. नवरा कॅलिफोर्नियात, त्याचा नुसता फोटो पाहून लग्न झालेलं. पुढची तीन वर्षं नवरा भिंतीवर आणि सासू समोर.

सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं; त्यांनी विचारलं की ती काय म्हणतेय. नंदा म्हणाली, जुन्या आठवणी सांगतायत. एवढं लांबलचक बोलली आणि त्याचं एवढंच, असं सासूबाईंनी म्हटल्यावर नंदाला सांगावंच लागलं, की त्यांच्या सासूबाईंविषयी बोलतायत.

"मग नीट सांग ना," सासूबाई म्हणाल्या.

नंदाने स्टीअरिंग घट्ट धरलं आणि मिसेस मोरींचं एकेक वाक्य मराठीत करायला घेतलं. सुरुवातीला जरा सौम्य करून. सगळ्यांचं झाल्यावर त्यांना जेवायला मिळायचं. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. भात मऊ झाला तरी चूक, मोकळा झाला तरी चूक. हळूहळू सौम्य करायचं राहून गेलं. मीही सूनच आहे, मलाही हे ठाऊक आहे असा एक सूर नंदाच्या आवाजात आला, तो तिचा तिलाही कळला नाही.

"त्यांनी घासलेली भांडी," नंदा म्हणाली, "त्यांच्या सासूबाई परत काढायच्या, बोट फिरवून बघायच्या आणि पुन्हा घासायच्या."

सासूबाईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. रविवारीच त्यांनी डिशवॉशरमधली सगळी भांडी बाहेर काढून पुन्हा हाताने घासली होती.

"हे ती म्हणाली, का तू?"

"ती म्हणाली, आई."

सासूबाईंचा विश्वास बसला नाही. त्या पहिल्यांदाच सीटमध्ये पूर्ण मागे वळल्या. मिसेस मोरींनी त्यांच्याकडे पाहिलं, खिडकीच्या कडेवरून तर्जनी फिरवली, बोटाचं टोक डोळ्यांजवळ नेलं आणि नाक मुरडलं. त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

सासूबाई बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग नंदाला म्हणाल्या, विचार तिला, सासूला कधी उलटून बोलली का?

नंदाने विचारलं. मिसेस मोरींनी मान हलवली. कधीच नाही. नंतर त्या बोटीने इकडे नवऱ्याकडे आल्या. दोन वर्षांनी सासू गेल्याचं पत्र आलं आणि त्या दिवसभर रडल्या.

"सगळी उत्तरं तयार ठेवली होती," त्या म्हणाल्या. "बोटीवर पाठ केली होती."

नंदाने हे जसंच्या तसं सांगितलं. क्लिनिक येईपर्यंत सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या.

नर्स व्हीलचेअर घेऊन आली. मिसेस मोरींनी चेअरमध्ये बसून कोटाची बटणं लावली. गुरुवारी किती वाजता, असं त्यांनी विचारलं. आणि सासूबाईंकडे बघत, ही येणार ना?

गुरुवारी सकाळी नंदा गाडी तापवत होती, तेव्हा सासूबाई कोट, मोजे, मफलर घालून बाहेर आल्या. मिसेस मोरींच्या दारापाशी पोचल्यावर त्या उतरल्या, मागचं दार उघडून आत बसल्या. मिसेस मोरींनी पर्स मांडीवर घेऊन त्यांना ऐसपैस जागा करून दिली. नंदाने कॅसेट लावली.

"आवाज बारीक कर गं," सासूबाई मागून म्हणाल्या. "आणि तू मध्ये बोलू नकोस. आमचं आम्हाला कळतं."