रिकामा फुगा

कुमुदिनीबाईंनी टाक काळ्या शाईत बुडवला खरा, पण हात कागदावर उतरेना. समोर ‘कॅप्टन तेजस’ या चित्रकथेची शेवटची पट्टी होती. यजमान गेले त्या दिवशी सकाळीच त्यांनी ती काढली होती. आता अकरा वर्षांनी पेपर ती अंतराळकथा पुन्हा सुरू करत होता आणि पहिल्या दिवशी हीच पट्टी छापायची होती. पुढची चित्रं काढणारी मुलगी त्यासाठीच आली होती.

“काकांनी संवाद कुठे लिहून ठेवलेत का?” तिने विचारलं.

“ते कुठे लिहायचे? सकाळी चित्रं काढून संवादांचे फुगे रिकामे ठेवायचे. जेवण झालं की झोपाळ्यावर डोळे मिटून सांगायचे, मी लिहायची. त्या दिवशी जेवायला हाक मारली, तर उठलेच नाहीत.”

चित्रात कॅप्टन एका उजाड ग्रहावर एकटाच उभा होता. एक फुगा त्याच्या तोंडाशी होता, दुसरा त्याच्या हातातल्या रेडिओतून निघालेला, म्हणजे पृथ्वीवरून आलेला.

“तुम्हाला सुचेल ते लिहा, काकू.”

बाईंनी रेडिओच्या फुग्यात आपल्या गोल अक्षरात लिहिलं, ‘ऐकू येतंय का? काहीतरी बोला.’ मग टाक पुसून बाजूला ठेवला.

“आणि कॅप्टनचा फुगा? रिकामा छापला तर लोकांना चूक वाटेल.”

“वाटू दे,” बाई म्हणाल्या. “ह्यांनी सांगितल्याशिवाय मी त्याच्या तोंडी कधी एक शब्द घातलेला नाही.”