रोडग्यांचा नवस

जंगलात तंबू ठोकून राहायचं म्हटल्यावर निदान दोन दिवस तरी चूल सुटेल, ही रागिणीची समजूत पार खुळी निघाली. नवरा बंडू आणि त्याचे मित्र तंबूच्या सावलीत पत्ते कुटत बसले होते. ती मात्र वनखात्याने आखून दिलेल्या जागेत गोवऱ्यांचा धूर गिळत होती.

गोवऱ्या शेंदूरजनाघाटहून गाडीच्या डिकीतून आल्या होत्या. हट्ट सासूचा, मैनाबाईचा. नवस पावला होता, आणि रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, रानातच गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे होते.

"माह्या ठेक्यासाठी केला मायनं नवस!" बंडू मित्रांना मिशीवर ताव देत सांगत होता. "अन् भेटला ना ठेका! ए रागिणे, वांग्याची भाजी झणझणीत कर. त्या दिवशीसारखी पचपचीत झाली तं पाय मंग!"

त्या दिवशी त्याने भाजीचं ताट तिच्या अंगावर भिरकावलं होतं. मनगट पोळलं. मैनाबाई समोरच होती. तिने ब्र काढला नाही, फक्त सांडलेली भाजी पुसून घेतली. बंडू तर तसाच होता. पण सासूचं ते गप्प बसणं रागिणीला आजही डाचत होतं.

सोमवारी धामणगावच्या शाळेत रुजू व्हायचं आणि या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. सांगितलं कुणालाच नव्हतं; नेमणुकीचं पत्र तांदळाच्या डब्यात दडवलं होतं. बंडूला सुगावा लागता तर त्याने तिला कोंडूनच घातलं असतं.

"कणीक घट्ट मळ, पोरी," मैनाबाई म्हणाली.

"मळून राहिली ना!" रागिणीने गोळा परातीत आपटला. "तुमच्या लेकाच्या नवसाचे रोडगे. बिघडले तं कसं होईन!"

मैनाबाई खाली मान घालून विस्तव सारखा करत राहिली. रागिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दगडाशी बोलणं बरं, तो निदान सासू तरी नसतो.

रोडगे भाजून झाले. मैनाबाईने एक देवीच्या नावाने बाजूला ठेवला. दुसरा राख झटकून फोडला, त्यावर तूप ओतलं.

"माय, पयला मले!" पत्त्यांतून मान वर न काढता बंडू ओरडला.

"आणतो रे," म्हणत तिने तो रागिणीच्या हातात ठेवला. "ज्याच्यासाठी नवस, पयला घास त्याचा."

"मंग मले काहून देता?" रागिणी फणकारली. "मांगितलं तरी काय होतं देवीले?"

मैनाबाई लेकाकडे पाठ करून तिच्याजवळ सरकली.

"माह्या सुनेले या घरातून निंघून जायाची हिंमत दे म्हटलं. खाऊन घे बाई, सोमवारी तुले लवकर निंघा लागन."