चिमटे

“लेकराला खोटं सांगायचं नाही. दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं. आणि जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द द्यायचा नाही.” काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या नर्सबाईंचं हे बोलणं सिस्टरला नेमकं आत्ता आठवलं. आत्ता, म्हणजे तिच्या मनगटात खाटेवरच्या पोरीचे दात रुतलेले असताना.

“सोड गं,” सिस्टर हळूच म्हणाली. “सुई थोडी दुखेल. मग डॉक्टर तुला झोपवतील, आणि ऑपरेशन कळणारसुद्धा नाही.”

पोर आणखीच जोरात चावली.

मुलांच्या इस्पितळात चाव्यांचं काही नवल नव्हतं. पण या पोरीची आई आल्यापासून सिस्टरवर डूख धरून होती. सलाइन हळू का, चादर ओली का, तुम्ही हसता कशाला! आज तिच्या हाती कोलीतच लागलं. तिने पोरीची बाही वर सारली. दंडावर लालनिळ्या खुणा होत्या.

“बघा! उगाच चावते का पोर? चिमटे काढते ही बाई माझ्या लेकीला!”

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपलं बाळ कुशीत ओढलं.

“मी नाही काढले, ताई.”

“मग काय भुताने काढले? स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं!”

घाव वर्मी लागला.

मेट्रनबाई धावत आल्या. त्यांनी खुणा पाहिल्या. “तू वरच्या वॉर्डात जा,” त्या सिस्टरला म्हणाल्या. “बाकीचं मग बघू.”

सिस्टरने मान हलवली. जाता जाता ती पांघरूण सारखं करायला वाकली. रडून रडून पोरीचे डोळे मिटत आले होते. तेवढ्यात पांघरुणाखाली काहीतरी हललं, आणि पोर ‘स्स’ करून टक्क जागी झाली.

सिस्टरने पांघरूण उचललं. पोरीची नखं तिच्या स्वतःच्याच दंडात होती.

“असं का गं, बाळा?”

“झोप येते म्हणून.”

“मग येऊ दे की.”

“नको. झोपलं की नेतात.” पोरीने आईकडे पाहिलं. “आजोबांना नेलं ना? तूच म्हणालीस, रडू नको, आजोबा झोपलेत.”

आई स्टूल ओढून तिच्याजवळ बसली.

“झोपले नव्हते गं,” ती म्हणाली. “आजोबा वारले. मी खोटं सांगितलं तुला.”

पोर विचार करत राहिली. मग तिने सिस्टरला विचारलं, “मला कोण उठवणार?”

“मी हाका मारीन,” सिस्टर म्हणाली. “तू डोळे उघडेपर्यंत मारत राहीन.”

पोरीने निमूट हात पुढे केला.

दुपारी ड्यूटी संपली, तेव्हा पोरीचं ऑपरेशन आटोपत आलं होतं. बाकीच्या सिस्टर पर्स उचलून घरी निघाल्या. ही मनगटावरची पट्टी सारखी करत ऑपरेशन थिएटरकडे वळली. बाहेर आई उभी होती. तिने सिस्टरकडे पाहिलं नाही, पण ती दारातून बाजूला झाली.

“घरी काय हाक मारता तिला?” सिस्टरने विचारलं.

“आम्ही नावानेच,” आई जमिनीकडे बघत म्हणाली. “पण सकाळी उठवायचे ते आजोबा. ‘पाखरा’ म्हणायचे.”

“पाखरा,” सिस्टरने स्वतःशीच एकदा म्हणून पाहिलं, आणि दार हलकेच ढकललं.