वरच्या वस्तीची वीज

मुबोरकशोने पिठाची पिशवी खांद्यावर घेतली आणि दारातच थबकला. भावाचं घर पन्नास पावलांवर. सात वर्षांत त्या वाटेवर त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

"जाताय ना?" जोनबेगिमने आतून विचारलं. तिच्या नाकात नळी होती आणि उशाशी प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं.

"जातोय."

"सबोहतशी नीट बोला. नाहीतर तुमचं तोंड म्हणजे..." तिला धाप लागली. उरलेलं तिने हातानेच सांगितलं.

खुशनजरला माती देऊन तिसरा दिवस होता. ओढ्यावरच्या बर्फात पाय घसरून तो खडकावर आपटला होता. धाकटा भाऊ, सबोहतचा नवरा. वय एक्कावन्न.

वरच्या वस्तीत घरं दोनच, या दोघा भावांची. बाकीचं गाव पुलापलीकडे, बारतांग नदीच्या काठाला. सरकारी वीज दोन्हीकडे होती, पण हिवाळ्यात तिचा भरवसा नसे. म्हणून सात वर्षांपूर्वी खुशनजर खोरोग शहराहून पाण्यावर चालणारं छोटं वीजयंत्र घेऊन आला आणि थेट भावाकडे गेला.

"दादा, पाट तुझ्या शेतातून काढला तर पाणी उंचावरून पडेल. दोन्ही घरांना पुरून उरेल."

"आणि जर्दाळू?"

"तीन झाडं जातील."

"बाबांनी लावलेली झाडं तोडून तू दिवे लावणार?"

"मग पाट खालच्या अंगाने न्यावा लागेल. वीज कशीबशी एका घराची होईल."

"होऊ दे की! तुझं घर उजळलं म्हणजे झालं." मुबोरकशोचा आवाज चढला होता. पुलावर चार माणसं उभी होती, त्यांनाही ऐकू गेलं. "आणि कान उघडून ऐक. तुझी तार माझ्या घराकडे आली, तर कुऱ्हाडीने तोडीन."

खुशनजर हसला होता. "तोड बाबा," एवढंच म्हणाला आणि यंत्र पाठीवर घेऊन गेला. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही.

चार वर्षांपूर्वी डोंगरावरून हिमकडा कोसळला आणि वरच्या वस्तीकडे येणारे सरकारी खांब घेऊन गेला. जोनबेगिमच्या छातीचं दुखणं तेव्हा नुकतंच वाढलं होतं. प्राणवायूच्या यंत्राशिवाय तिला रात्र निघेना. मुबोरकशोने तिला पाठुंगळी घेऊन पूल ओलांडला आणि गावातल्या अकोबिरच्या घरी ठेवलं. नवव्या दिवशी अकोबिरच निरोप घेऊन आला, "मुबोरकशो, तुमच्याकडे दिवा लागला."

"आली म्हणायची सरकारला जाग," मुबोरकशो म्हणाला होता.

तेव्हापासून त्याच्या घरची वीज कधी गेली नाही. ऐन थंडीत दिवा जरा मंदावायचा, इतकंच. पुलापलीकडे अंधार झाला की तो मुद्दाम चौकशी करायचा. "काय रे, गेली का तुमची? माझ्याकडे आहे बुवा. सरकार माणूस ओळखून आहे." जो तो विषय बदलायचा. लोकांना हेवा वाटतो, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

परवा दफनाहून परतताना अकोबिर त्याच्या शेजारून चालत होता. मध्येच म्हणाला, "आता तुमच्या विजेचं कसं?"

"माझ्या विजेला काय झालंय?"

अकोबिर आपल्या बुटांकडे पाहत राहिला. "काही नाही. सहज विचारलं."

ते बोलणं मुबोरकशोच्या डोक्यात आलं तसं गेलं. पुलापाशी खांद्यावर घेतलेला भावाचा जनाजा मात्र उतरला तरी मनातून जात नव्हता. इतका हलका कधी झाला हा? लहानपणी याला पाठीवर घेऊन आपण नदी पार करायचो. तीन झाडांसाठी सात वर्षं घालवली. त्यातलं एक झाड तर मागच्या वर्षी आपसूकच वाळलं.

त्याने भावाचं दार ढकललं. आत डोळे सरावायला वेळ लागला. छताच्या झरोक्यातून पडेल तेवढाच उजेड. खांबाजवळ रॉकेलचा दिवा मिणमिणत होता. खुशनजर गेला आणि त्याच्यामागे यंत्रही बंद पडलं, मुबोरकशोला वाटलं.

"या, भाऊजी," सबोहत उठली. तिचे हात थंडीने फुटलेले होते. पीठ घेऊन तिने त्याच्यापुढे मिठाच्या दुधाळ चहाचा वाडगा ठेवला.

त्याने वाडगा बाजूला सरकवला.

"सबोहत, मी चुकलो. हे त्याला सांगायला हवं होतं. आता तुला सांगतोय."

"ते कधी रागावले नव्हते तुमच्यावर."

"म्हणून तर जास्त सलतंय. हे बघ, बर्फ वितळलं की झाडं तोडतो. पाट माझ्या शेतातून काढू. त्याच्या मनात होतं तसंच." त्याने बाहीने डोळे पुसले. "तोवर माझ्याकडची सरकारी तार तुझ्या घरात ओढून देतो. आजच. तुझं यंत्र बंद पडलंय, अशी अंधारात बसू नकोस."

सबोहतने चहाची किटली खाली ठेवली. 

"सरकारी तार हिमकड्याखाली गेली ती परत आलीच नाही, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "आणि यंत्र बंद नाहीये. पहाटे मीच वर जाऊन पाटातलं बर्फ फोडून आले. जाऊबाईंचा श्वास थांबून कसं चालेल?"