बाळंतिणीचे लाडू
हेमाली बाळंतपणाला माहेरी दिघाशीला आली तशी तिच्या आईने, आक्काने, सून तुळजाला कामाला जुंपलं. तुळजाने खारीक कुटली, डिंक तुपात फुलवला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. तिला स्वतःला मुलगी झाली तेव्हा आक्काने हातावर लाडवाचा तुकडाही ठेवला नव्हता; ओली बाळंतीण असतानाच बोरिंगवर पाण्याला धाडलं होतं. आता आक्का डब्यात लाडू रचत होती. "डिंक कमी घातलास. माझ्या लेकीच्या वाईटावर उठलीस काय?" तुळजाने डब्यातला लाडू उचलून सावकाश चावला. "ते बाळंतिणीचं हाय," आक्का कडाडली. "मी न्हाय झाली बाळंतीण?" तुळजाने भरल्या तोंडाने विचारलं. आक्काने डबा ओढला. दारातून हेमाली म्हणाली, "आई, खाऊ दे तिला." ती कीव तुळजाला आक्काच्या बोलण्याहून जास्त झोंबली. "कुणाकडं मागून न्हाय खात मी, ताई," म्हणत तिने आक्काजवळच्या डब्यातून दुसरा लाडू उचलला.